कापलेलं टोक

अल जुर्फच्या आमच्या कारखान्यात
लाकूड आधी श्वास सोडतं.
लांबलचक नळकांड्यात कोंडून त्याची हवा काढून घेतात,
मग तांब्याचं औषध आत दाबतात.
दोन तासांनी झाकण उघडतं आणि रुळांवरून
फिनलंडचा पाइन बाहेर येतो, शेवाळी, निथळत,
जणू अजमानमध्ये कुठेतरी विहीर होती.

माझं काम त्यानंतरचं.
पोकळ गिरमिटानं खांबाला भोक पाडायचं,
पेन्सिलीएवढी कांडी काढायची, वर थेंब टाकायचा.
जिथवर तांबं पोचलं तिथवर निळं होतं.
बाहेरचं कोवळं लाकूड घटाघट पितं.
गाभा पीत नाही.
कितीही दाब द्या, तो आपला लालसर
बसून राहतो,
पहिल्या सणाला रुसलेल्या जावयासारखा.

कुरियन म्हणतो, गाभा मोजायचा नाही, मॅडम.
कडेचं निळं मोजायचं
आणि सही करायची.

मंगळवारी एका व्हिलाचं कुंपण परत आलं,
पिकअपमध्ये आडवे एकोणीस खांब.
हमी पंधरा वर्षांची, तिसऱ्याच वर्षी झुकलं.
वरून पाहिलं तर हिरवं, खणखणीत.
एक उलटा केला
आणि वाळूची धार लागली.
वाळवीनं कवच तसंच ठेवून
नेमकं तेवढंच खाल्लं होतं
ज्यानं आमचं काही घेतलं नव्हतं.

कुंपणच शेत खातं, असं आमच्याकडे म्हणतात.
इथे शेत कुठलं?
एक लॉन, दोन खजूर, विकत आणलेली माती.

खालच्या टोकावर करवतीचे दात होते.
खड्ड्यात खडक लागला असेल,
वीतभर कापला असेल,
आणि उघडं टोक तसंच गेलं जमिनीत.
डब्यात औषध असतं, ब्रश असतो,
दोन हात मारायचे असतात.
हमीच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात आहे:
कापलेल्या टोकाची जबाबदारी आमची नाही.

वरची टोपी काढली. आत पेन्सिलीचा ह,
कालच काढल्यासारखा.
हरकबहादुर.
कुणी सांगितलेलं नसताना
हा माणूस प्रत्येक खांबाला आपलं अक्षर घालतो.
एकोणीस खांब म्हणजे त्याचा चार महिन्यांचा पगार.

देवरुखला परड्याच्या फाटकाला
बाबा काजूच्या टरफलांचं तेल लावायचे.
बोटांची सालं निघायची.
जमिनीत जाईल तेवढ्याला दोनदा.
दिसत नाही तिथे कशाला, मी विचारायचे.
दिसतं त्याला बघायला लोक आहेत, म्हणायचे
आणि पुन्हा वाकायचे.

मी जुनी फाइल काढली.
कडेचं निळं: बारा मिलिमीटर. पास.
सही माझीच, तीन वर्षांपूर्वीची,
जरा जास्तच वळणदार.

रिपोर्टात रकाना एकच: कारण.
लिहिलं, गाभ्यात औषध नव्हतं.
कुरियननं दोनदा वाचलं. चष्मा काढला.
करवतीचं नाही लिहिलं?
करवत पोचली तिथे आपण पोचलो नव्हतो, मी म्हटलं.
तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
मग शिक्का मारला, उलटा.
पुसून पुन्हा मारला.

संध्याकाळी हरकबहादुर आला,
नव्या खांबांनी गाडी भरायला.
त्याला काही माहीत नव्हतं.
पावती न करता मी औषधाचा डबा पुढे केला, वर ब्रश.
दोनदा, म्हटलं. जमिनीत जाईल तेवढं.
उधर कौन देखता है, दीदी, तो हसला,
कानामागची पेन्सिल काढली
आणि आधी डब्यावर ह लिहिला.